गोळी न चालताही माणसं मेली

‘दगड आला की सरळ गोळी घाला,’ असं एका भाऊंनी दंगल आवरणाऱ्या पोलिसांना उद्देशून लिहिलंय. भाऊ, नागपुरात सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव का आहे, आठवा जरा. २३ नोव्हेंबर १९९४, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, गोवारी समाजाचा मोर्चा अडवलेला. गोळी नव्हतीच. लाठीमार झाला, पळापळ, चेंगराचेंगरी, ११४ जीव गेले. त्यात बायका न् लेकरं किती!

मार्च २०२५ मध्ये नागपूरच्याच महाल भागात दगडफेक झाली, गाड्या जळल्या, पोलीसही जखमी झाले, मान्य. पण नागरिक सुरक्षा संहितेचं (म्हणजे फौजदारी कारवाईच्या कायद्याचं) कलम १४८ आधी पांगायचा हुकूम द्या म्हणते, बळ त्यानंतर; जमाव हटणारच नाही असं दिसलं तरच हुकमाविना. अन् महालातल्या त्या बोळांत समोरासमोर खिडक्या. नेम चुकला तर गोळी कोणाच्या स्वयंपाकघरात जाईल, सांगा बरं?