मदत हवी आहे: युरियाच्या स्फटिकात हेक्झाडेकेन खरंच अडकलंय का?

फोंड्यात बीएस्सीच्या मुलांसाठी प्रयोग बसवतेय. लांब, सरळ साखळीचा पाहुणा (आत अडकणारा रेणू) मिळाला की युरिया त्याच्याभोवती षटकोनी बोगदे बांधतो, तेच दाखवायचंय. कोमट मेथॅनॉलमधल्या संपृक्त युरियात हेक्झाडेकेन (सोळा कार्बनच्या सरळ साखळीचं तेलकट द्रव) घालून रात्रभर ठेवलं. सकाळी लांबट, चकचकीत सुया! टिपकागदावर सुकवून पाण्यात टाकल्या. युरिया विरघळला, वर तेलकट तवंग आला. पण तो बोगद्यातला की सुयांना नुसता चिकटलेला? (पावसातल्या या दमट हवेत त्या धड सुकतही नाहीत.) हेक्झेनने धुवायला धजत नाही, तेही सरळ साखळीचंच. एक्स-रे यंत्र नाही. सूक्ष्मदर्शक, तराजू आणि वितळणबिंदूचं उपकरण आहे. फांद्यावालं आयसोऑक्टेन बोगद्यात मावणार नाही, मग त्याने धुतलं तर पृष्ठभागच साफ होईल ना? किती वेळा धुवावं?