न्यू मेंबरची पिन रोज लावायची सक्ती: परंपरा की हेझिंगची (अमेरिकेतल्या रॅगिंगची) पहिली पायरी?

ओहायोची_आई

अमेरिकेतल्या कॉलेजांत ज्यांच्या मुली आहेत आणि ज्या स्वतः सोरॉरिटीत (कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेत) होत्या, अशा सगळ्यांसाठी हा विषय काढते आहे. माझं मत आधीच सांगते. नव्या मुलींना मिळणारी ती छोटी पिन सुंदर असते, ती देण्याचा समारंभही छान असतो. पण ती रोज लावलीच पाहिजे, आणि ही सक्ती फक्त नव्यांवरच, हे मला पटत नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रश (नव्या मुली निवडण्याचा काळ) संपला की बिड डेला मुलीला एखाद्या चॅप्टरचं (सोरॉरिटीच्या त्या कॉलेजातल्या शाखेचं) आमंत्रण, म्हणजे बिड, येतं. ते घेतलं म्हणजे ती लगेच पूर्ण सदस्य होत नाही. आधी पिनिंगचा छोटा समारंभ, मग साधारण सहा ते आठ आठवडे 'न्यू मेंबर' (पूर्वी प्लेज म्हणायचे), आणि शेवटी इनिशिएशन (पूर्ण सदस्य करून घेण्याचा विधी). खरा बॅज तेव्हा मिळतो. मोती-बिती जडवून घेतला तर त्याची किंमत शेकडो डॉलरवर जाते. नव्यांची पिन साधी असते आणि बऱ्याच ठिकाणी इनिशिएशननंतर ती चॅप्टरला परत करायची असते. पाय बीटा फाय या सोरॉरिटीत नव्या मुलीला बाणाचं नुसतं सोनेरी टोक मिळतं, पुढे बॅज म्हणून अख्खा बाण. मला ही कल्पनाच फार आवडली.

पिनचे नियम थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखे. डाव्या बाजूला, हृदयाच्या वर. तिच्याहून वर दुसरी कुठली पिन नाही. टी-शर्ट, जिमचे कपडे यांवर चालत नाही. हातात दारू असेल तेव्हा पिन काढून ठेवायची. (अठराव्या वर्षी मुळात दारूच पिता येत नाही या देशात, पण तो नियम आवर्जून सांगितला जातो, यावरून काय ते समजा.)

आता मुलीच्या चॅप्टरमधला प्रकार. नव्यांनी सोमवार ते शुक्रवार कॅम्पसवर पिन लावायची. जुन्या मुली बॅज फक्त सोमवारी, चॅप्टर मीटिंगला लावतात. म्हणजे सकाळी आठच्या केमिस्ट्री लॅबला जुन्या मुली हूडी घालून येणार आणि माझी लेक ब्लाउज-ट्राउझर्समध्ये, कारण टी-शर्टवर पिन चालत नाही! विसरली तर मीटिंगमध्ये नाव वाचतात, दुसऱ्यांदा विसरली तर स्टँडर्ड्स कमिटीपुढे (चॅप्टरची शिस्त बघणाऱ्या समितीपुढे) जाऊन खुलासा द्यायचा. जुने सदस्य स्वतः जे करत नाहीत ते फक्त नव्यांकडून करवून घेणं, ही हेझिंग ओळखायची खूण म्हणून कॉलेजंच ओरिएंटेशनमध्ये सांगतात. मग ही पिन त्या खुणेत बसते की नाही?

निळी_शाई

बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मी इथेच वाढले, इंडियानात शिकले, एका जुन्या सोरॉरिटीची सदस्य आहे आणि पुढे चॅप्टरची सल्लागारही होते.

ताई, तुमच्या मुलीच्या चॅप्टरमध्ये नाव वाचून दाखवतात ते चूक आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यावरून पिनलाच आरोपी करू नका. नव्या मुलीला बॅज लावायचा हक्कच नसतो. बऱ्याच संघटनांत संघटनेचं मानचिन्हही नव्यांना वापरता येत नाही. तिच्याकडे दाखवायला असते ती फक्त पिन. त्या सहा-आठ आठवड्यांत तीस हजारांच्या कॅम्पसवर तिला ओळखणारं कोणी नसतं. लायब्ररीच्या रांगेत एखादी सीनिअर पिन बघून आपणहून बोलायला येते, हे मी अनुभवलं आहे.

आणि इतिहास बघा. 1870 साली इलिनॉयच्या मॉनमथ कॉलेजात कॅप्पा कॅप्पा गॅमा या सोरॉरिटीच्या संस्थापक मुली केसांत छोट्या सोनेरी किल्ल्या माळून चॅपेलमध्ये गेल्या. मुलींना कॉलेजात घ्यावं की नाही यावर लोक भांडत होते तो हा काळ. आम्ही आहोत, संघटित आहोत, हे त्यांनी न बोलता दाखवलं. चिन्ह अंगावर घालून चारचौघांत जाणं हाच या परंपरेचा उगम आहे.

पाटलांचा_नातू

सगळं ठीक, पण मूळ प्रश्न सक्तीचा आहे आणि तुम्ही इतिहासाकडे वळलात. त्या किल्ल्या त्यांनी स्वतः माळल्या. कोणी विसरली म्हणून तिला कमिटीपुढे उभं केलं नाही.

मी महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलं. पहिल्या सहामाहीत सीनिअर समोर आला की शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघायचं, पूर्ण बाह्यांचा शर्ट, केसांना तेल. तेव्हाही आम्हाला हेच ऐकवायचे, 'यातून ओळख वाढते'. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे. त्यात रॅगिंगच्या व्याख्येत फक्त मारहाण नाही. विद्यार्थी एरवी आपणहून करणार नाही अशी गोष्ट त्याला करायला सांगणं, हेही त्यात आहे. त्या व्याख्येने तपासलं तर आठच्या लॅबला इस्त्रीचे कपडे हे रॅगिंगच.

निळी_शाई

महाराष्ट्राचा कायदा ओहायोत कशाला लावायचा? इथे डिसेंबर 2024 मध्ये हेझिंगविरोधी केंद्रीय कायदा झाला, त्याने कॉलेजांना हेझिंगचे प्रकार जाहीर करणं बंधनकारक झालं. त्यातली व्याख्या शारीरिक किंवा मानसिक इजेच्या धोक्यावर उभी आहे. ब्लाउज घातल्याने कोणाला इजा झाली? 2017 मध्ये पेन स्टेट युनिव्हर्सिटीत एका फ्रॅटर्निटीत (मुलांच्या तशाच संघटनेत) टिमथी पियाझा या मुलाला बिड स्वीकारल्याच्या रात्री दारू पाजली, तो जिन्यावरून पडला आणि त्यात त्याचा जीव गेला. तासन्‌तास कोणी मदत बोलावली नाही. हेझिंग म्हणतात ते याला. पिनलाही तोच शब्द वापरला तर खरी तक्रार आली की कोणी गांभीर्याने घेणार नाही.

पुण्याहून_वाचक

बाहेरचा माणूस म्हणून विचारतो. हे मुंजीसारखंच नाही का? बटूला जानवं दिलं की रोज संध्या कर म्हणून घरचे मागे लागतात आणि स्वतः बाबांचं जानवं खुंटीला. पण म्हणून मुंजीला कोणी हेझिंग म्हणत नाही.

पाटलांचा_नातू

खुंटीला जानवं टांगणाऱ्या बाबांना पोरं उलट विचारतातच की! फरक एवढाच की घरातून कोणी हाकलत नाही. इथे इनिशिएशन हातात यायचं असतं, तोवर उलट विचारायची सोय नाही.

ओहायोची_आई

अगदी हेच. आणि निळी_शाई, तुम्ही इंडियानातल्या आहात तर बेटी लॉकची गोष्ट तुम्हाला माहीत असणारच. बाकीच्यांसाठी सांगते. ग्रीनकॅसलचं तेव्हाचं इंडियाना ॲस्बरी, आजची डीपॉ युनिव्हर्सिटी. 1867 मध्ये तिथे मुलींना प्रवेश मिळाला, त्या पहिल्या तुकडीत ही होती. फाय गॅमा डेल्टा या फ्रॅटर्निटीच्या मुलांनी तिला सुचवलं, आमचा बॅज लाव. ती म्हणाली, सदस्य करून घ्या, तुमची गुपितं सांगा, तर लावते. त्यांनी नकार दिला आणि बॅजऐवजी आपली अक्षरं कोरलेली चांदीची केक बास्केट भेट दिली. मग तिने 1870 च्या जानेवारीत तीन मैत्रिणींबरोबर कॅप्पा अल्फा थीटा ही सोरॉरिटी काढली.

हक्काशिवाय चिन्ह मिरवणार नाही, हे ज्या बाईने बजावलं तिची गोष्ट या मुलींना रशमध्ये कौतुकाने सांगतात. आणि नंतर त्याच मुलींना चॅप्टरमध्ये मत देण्याचा हक्क नाही, विधी माहीत नाहीत, बॅज नाही, तरी चिन्ह मात्र रोज लावायचं!

निळी_शाई

ही गोष्ट तुम्ही अर्धीच वापरलीत. त्या मुलांना तिला सदस्य करून घ्यायचंच नव्हतं. तिने केवळ शोभेसाठी बॅज लावावा अशी त्यांची इच्छा होती. न्यू मेंबर पिनचा अर्थ नेमका उलटा आहे. 'तू आमच्यात येणार आहेस' असं वचन चॅप्टरने दिलेलं असतं आणि ते सगळ्या कॅम्पसला दिसतं. उद्या चॅप्टरला वाटलं की ही नको, तर गुपचूप काढता येत नाही. पिन लावलेली मुलगी दिसेनाशी झाली की लोक विचारतात.

ह्यूस्टन_कट्टा

या मुद्द्यावर मी निळी_शाईच्या बाजूने, पण कारण वेगळं.

भारतीय मुलींच्या स्वतःच्या सोरॉरिटी आहेत हे इथे अनेकांना माहीत नसेल. 1998 मध्ये एकट्या टेक्सासात दोन निघाल्या, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि ऑस्टिनला कॅप्पा फाय गॅमा. मी या दोन्हींत नव्हते, दुसऱ्या एका लहान संघटनेत होते, तिचं नाव राहू दे. आमच्याकडे नव्या मुलींना पिन नव्हती. उलट आम्ही नव्या आहोत हेच गुप्त ठेवायचं, थेट अखेरच्या जाहीर कार्यक्रमापर्यंत. रूममेटला सांगायचं नाही, आईला नाही. रात्री अकराला बाहेर पडताना रूममेटला काय सांगायचं तेही ठरवून द्यायचे. मला ताप होता तेव्हा कोणी विचारलंच नाही, कारण मी कुठे जाते हे कोणाला माहीतच नव्हतं.

माझ्या छातीवर पिन असती तर निदान एका प्राध्यापिकेने विचारलं असतं, कसं चाललंय? गुप्ततेपेक्षा पिन हजार पटीने बरी. मुलगी नवी आहे हे सगळ्यांना दिसतं, म्हणजे तिच्याशी कसं वागताय हेही दिसतं.

ओहायोची_आई

तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. आणि हा मुद्दा खरोखर मोठा आहे, मी पिनकडे या बाजूने पाहिलंच नव्हतं. पण यातून पिन असावी एवढंच सिद्ध होतं, ती रोज आणि शिक्षेच्या धाकाने असावी हे नाही. आठवड्यातून एक दिवस लावली तरी प्राध्यापिकेला दिसतेच ना.

प्रवासी_पक्षी

तुम्ही सगळे पिन कधी लावायची यावर भांडताय. पिन कोणाला मिळते? 2013 च्या सप्टेंबरात अलाबामा युनिव्हर्सिटीच्या मुलांच्याच 'क्रिमसन व्हाइट' या वर्तमानपत्राने छापलं, की उत्तम गुणांच्या एका कृष्णवर्णीय मुलीला सोरॉरिट्यांनी नाकारलं आणि त्यामागे माजी सदस्यांचा दबाव होता. बोभाटा झाल्यावर पुन्हा बिड द्यावे लागले. 2013! आपल्या मुलींना आज आत घेतात, आपण खूश. मग कपड्यांवर वाद.

निळी_शाई

तो वेगळा धागा होईल, आणि त्यात मी तुमच्या बाजूने लिहीन. कृष्णवर्णीय मुलींनी स्वतःच्या संघटना 1908 पासूनच उभ्या केल्या, हॉवर्ड युनिव्हर्सिटीत अल्फा कॅप्पा अल्फा, त्याचं कारण हेच.

सातासमुद्रापलीकडे

एक व्यावहारिक शंका. माझी भाची न्यू मेंबर आहे आणि मंडळाच्या दिवाळीला साडी नेसणार आहे. साडीवर पिन चालते का? की पदराची सेफ्टी पिन तिच्या वर आली म्हणून स्टँडर्ड्स कमिटीपुढे जावं लागेल?

निळी_शाई

:) साडी औपचारिक पोशाखच आहे, मी लावली आहे. पदर डाव्या खांद्यावर असतो म्हणून पिन पदरावर, निऱ्यांच्या जरा खाली लावा. रेशमी असेल तर मागून कापडाचा तुकडा घ्या, नाहीतर भोक पडतं. सेफ्टी पिन दागिना नाही, तिला कोणी मोजत नाही. बाकी न्यू मेंबर एज्युकेटरला मेसेज करून विचारायला सांगा, तिचं ते कामच आहे.

पाटलांचा_नातू

बघा, साडीवर पिन लावायला परवानगी काढायची वेळ आली.

निळी_शाई

परवानगी नाही, चौकशी. असो. ओहायोची_आई, तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर एक सुचवते. सोमवार ते शुक्रवारचा नियम कुठे लिहिलाय ते मुलीला शोधायला सांगा. नॅशनलच्या (देशभरच्या मुख्य संघटनेच्या) पुस्तिकेत पिन कुठे आणि कशावर लावायची ते असतं. रोज लावली नाही तर नाव वाचायचं, असं मी तरी कुठल्या पुस्तिकेत पाहिलेलं नाही. ते बहुधा त्या चॅप्टरने स्वतः वाढवलेलं असणार. माझ्या चॅप्टरमध्ये असं काही दिसलं तेव्हा मी एकच पर्याय ठेवला होता: नव्यांना रोज पिन, तर जुन्यांनाही रोज बॅज, आठच्या लॅबला सुद्धा. आठवड्याच्या आत सगळ्या मिळून सोमवारवर आल्या.

ओहायोची_आई

म्हणजे नियम दोघींना सारखा हवा, हे तुम्ही मान्य केलंत. माझं म्हणणं तरी दुसरं काय होतं?

निळी_शाई

तुम्ही शीर्षकात हेझिंग लिहिलंत. त्याला माझा विरोध होता, आणि अजून आहे.

ओहायोची_आई

शीर्षक राहू दे. मुलीशी बोलले, तिने पुस्तिका मागवली आहे. मात्र तक्रार इनिशिएशननंतर करायची म्हणते, आधी नाही. का ते पाटलांच्या नातवाने वर लिहिलंच आहे.