आजीला सगळे ‘वहिनी’ म्हणत. छापताना काय लिहावं?

धागाकर्ता: आमची आजी नुकतीच गेली, ९४ वर्षांची होऊन. वर्षश्राद्धाला घरच्यांच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका काढायचं चाललंय. अडलंय ते मुखपृष्ठावर.

आजीला घरात कुणी आजी म्हणतच नव्हतं. मुलं, सुना, नातवंडं, भाजीवाला, सगळ्यांची ती वहिनी. ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटे दीर शाळेत जात होते. ते वहिनी म्हणायचे, पुढे तिच्या पोटच्या मुलांनीही तीच हाक उचलली. फोन घेतला की “हां, वहिनी बोलतेय”. पलीकडे बँकेतला साहेब का असेना. आता मोठे काका म्हणतात, फोटोखाली ‘कै. गं. भा.’ लावून पूर्ण नाव हवं. आत्या म्हणते, त्या नावाने तिला ओळखतं कोण? ‘वहिनी’ छापलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल का? आणि जाता जाता, पतवंड आणि पणतवंड यांत फरक काय?

प्रतिसाद: गोंधळ कसला? नातं वेगळं, हाक वेगळी. भरल्या घरात मूल नातं शिकायच्या आधी हाक शिकतं. सख्ख्या आईला काकू आणि वडिलांना दादा म्हणणारी पिढी अजून आपल्यात आहे. आमच्याकडे तर आजोबांना त्यांची मुलं ‘भाऊ’ म्हणायची आणि आम्ही नातवंडंही भाऊच.

पण बाईच्या बाबतीत आणखी एक भानगड असते. नवरा चारचौघांत नाव घेणार नाही, “अगं, ऐकलंस का”वर भागवणार. सासू ‘सूनबाई’ म्हणणार, दीर-नणंदा वहिनी, शेजारी ‘अमक्याची आई’. म्हणजे तिचं नाव घरात कुणाच्या तोंडी येतच नाही. त्यातून ते नाव तरी कुठलं? लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून दिलेलं, सासरचं. तुमच्या काकांना हवंय ते ‘पूर्ण नाव’ बहुधा हेच असणार. माहेरचं नाव काय होतं, ते घरात कुणाला ठाऊक आहे का? आधी ते विचारा.

प्रतिसाद: ‘कै. गं. भा.’बद्दल. गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी, हयात विधवेच्या नावामागे लावायची उपाधी. लग्नपत्रिकांत अजून दिसते. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. वारकरी घरांत ‘वै.’, वैकुंठवासी. दोन्ही उपाध्या एकत्र छापतात खऱ्या, पण मला ते खटकतं. बाई गेल्यावरही तिचा नवरा आधी गेला की नंतर, हे नावाआधी कशाला सांगायचं? ‘कै. सौ.’चं तेच, अहेवपणी गेली, एवढीच बातमी त्यात. पुरुषाच्या नावामागे बायकोचा हिशेब लागत नाही, नुसतं ‘कै.’ पुरतं. २०२३ मध्ये सरकारी कामकाजात ‘विधवा’ऐवजी ‘गंगाभागीरथी’ लिहावं असा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा झालेली टीका आठवत असेल. काकांना फार दुखवायचं नसेल तर ‘कै.’ ठेवा, ‘गं. भा.’ काढा.

प्रतिसाद: पतवंड आणि पणतवंड, अर्थ एकच: नातवाचं किंवा नातीचं मूल. मुलगा असेल तर पणतू, मुलगी असेल तर पणती. (दिव्याची पणती निराळी, तरी बारशात हा विनोद कुणीतरी करतंच.) नातू संस्कृत नप्तृपासून, पणतू प्रणप्तृपासून. वरच्या बाजूलाही तसंच: आजाच्या वर पणजा, त्याच्या वर खापरपणजा, आणि खाली पणतवाचा मुलगा तो खापरपणतू. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत ‘त्यांच्या पश्चात मुले, सुना, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे’ हा साचा ठरलेला, त्यामुळे ‘पतवंड’ छापील कानाला सवयीचं. बोलताना आम्ही पणतवंडच म्हणतो. पणतू झाल्यावर तिच्यावर सोन्याची फुलं उधळली होतीत का? तो फोटो असेल तर पुस्तिकेत घ्याच.

प्रतिसाद: ९४ म्हणजे सहस्रचंद्रदर्शनही झालं असणार. ८१व्या वर्षीच का, याचा हिशेब मुलांसाठी छापण्यासारखा आहे. वर्षाच्या १२ पौर्णिमा धरल्या तर ८० वर्षांत ९६० होतात. पण १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात, म्हणजे ८० वर्षांत आणखी साधारण २९. झाल्या ९८९. उरलेल्या ११ पौर्णिमा पुढच्या दहा-अकरा महिन्यांत भरतात.

एक विनंती. ‘वृद्धापकाळाने निधन’ आणि ‘पिकलं पान गळालं’ ही दोन वाक्यं पुस्तिकेत नकोत. दहाव्याला येणारे ‘सोनं झालं’ म्हणतात ते बोलण्यात चालतं, त्यात मायाही असते. छापल्यावर मात्र ते म्हातारीची कटकट मिटल्यासारखं वाचलं जातं.

धागाकर्ता: फुलं उधळली होती, फोटो आहे. तिने त्यातली दोन फुलं उचलून पणतवाच्या आईच्या हातात दिली आणि “बांगडीत घाल” म्हणाली, ते फोटोत आलं नाही. माहेरचं नाव शोधलं. काकांना ठाऊक नव्हतं, आत्यालाही नव्हतं. तिच्या माहेरी भाच्याकडे एका पितळी डब्यावर कोरलेलं सापडलं. तर आता तीन नावं झाली. मोठ्या अक्षरांत ‘वहिनी’, खाली बारीक अक्षरांत सासरचं आणि माहेरचं, असं काकांच्या गळी उतरवतोय. पण आम्ही हाक मारायचो ती ‘वैनी’. छापायचं काय, वहिनी की वैनी?

प्रतिसाद: मुखपृष्ठावर वैनी. आतल्या मजकुरात ज्याने त्याने आपापल्या तोंडचं लिहावं. कोकणातलं कुणी ‘वयनी’ लिहून पाठवलं तर मुद्रितशोधकाला त्याला हात लावू देऊ नका.