कानातलं पाणी आणि सिरप

ताई, मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय म्हणून महिनाभराचं ॲलर्जीचं सिरप दिलंय, ते चालू ठेवू का असं विचारलंत ना, तर खरं सांगायचं तर त्या पाण्यावर सिरपचा काही उपयोग होत नाही. अमेरिकेतल्या ईएनटीवाल्यांच्या (कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या) २०१६ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की अँटिहिस्टामिन (ॲलर्जीचं औषध), डीकन्जेस्टंट (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध), अँटिबायोटिक, स्टिरॉइड (नाकातला स्प्रेसुद्धा) यातलं काहीच फक्त या पाण्यासाठी देऊ नका. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये तोंडावाटे स्टिरॉइड देऊन पाहिलं तर ऐकण्यात ठळक फरक पडला नाही, आणि बऱ्याच मुलांचं औषधाशिवायही सुधारलं.

अर्थात मुलाला खरंच ॲलर्जीची सर्दी असेल तर औषध नाकासाठी ठीक आहे, पण ते डॉक्टरांनाच विचारा, परस्पर बंद करू नका. ताप, ठणका असेल तर ते इन्फेक्शन, त्याची गोष्ट वेगळी.

नुसतं पाणी असेल तर ३ महिने थांबून बघतात, मग टिम्पॅनोमेट्री (पडद्यामागे पाणी आहे का ते बघायची तपासणी) आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी). बोलायला उशीर होत असेल तर मात्र एवढं थांबू नका. ग्रॉमेट (कानाच्या पडद्यात बसवायची बारीक नळी) घालायची वेळ आलीच तरी घाबरू नका, ते बहुतेक वेळा ६ ते १८ महिन्यांत आपोआप पडतं. आणि आजीला सांगा, कानात गरम तेल नको!