चेरी ब्लॉसममधले साखरपुड्याचे फोटो: तुमचं काय काय झालं?

कुरडई
काल पुण्याहून भाचीचा फोन. "मावशी, पुढच्या वर्षी आम्ही दोघं डीसीला येतोय. साखरपुड्याचे फोटो चेरी ब्लॉसममध्येच काढायचेत, नक्की तारीख सांग." नक्की तारीख! मी इतकी हसले की तिला वाटलं रेंज गेली.

आमचा साखरपुडा डिसेंबर २०१६ मध्ये, घरच्याच हॉलमध्ये. फोटो काकांनी काढलेले, त्यामुळे निम्म्या फोटोंत माझे डोळे मिटलेले. म्हटलं डीसीत टायडल बेसिन तलावाकाठी नीट काढू. पार्कवाल्यांचा बहराचा पहिला अंदाज आला १४ ते १७ मार्च. आम्ही १८ चा शनिवार धरला, फोटोग्राफरला आगाऊ पैसे देऊन मोकळे. आणि १४ ला बर्फ! कळ्या उमलायच्या बेतात होत्या, त्या थंडीत निम्म्याअधिक गेल्या. पैसे परत मिळणार नव्हते म्हणून गेलोच. मोरपिशी पैठणी, आत थर्मलचे दोन थर, पदराखाली होणाऱ्या नवऱ्याचे हातमोजे. फांदी जवळ ओढून पाहिली तर कळ्या गाळणीत उरलेल्या चहाच्या चोथ्यासारख्या. जेफरसन मेमोरियलच्या पायऱ्यांवरचा एक फोटो आहे, त्यात गुलाबी फक्त माझं नाक. बहर आला २५ ला. तेव्हा फोटोग्राफरकडे दुसरं जोडपं होतं.

टाका तुमचेही किस्से, भाचीला वाचायला देणार आहे.

लसूण_चटणी
चहाचा चोथा 😂😂 ऑफिसात मोठ्याने हसले

पेन्शनर_पोटोमॅक
सत्तर टक्के योशिनो (डीसीतली मुख्य चेरीची जात) फुलं उमलली की त्याला पीक ब्लूम म्हणतात. सगळ्यात लवकर १५ मार्चला (१९९०), सगळ्यात उशिरा १८ एप्रिलला (१९५८). म्हणजे महिन्याहून जास्त फरक. भाचीबाईंना सांगा, मुहूर्त इथे गुरुजी नाही, हवामान काढतं. कळी फुगून पांढरी झाली की बहराला चार-सहा दिवस धरा. त्यात पाऊस-वारा आला की खेळ खलास. आमच्या मुलाचं तेच झालं, सगळे फोटो खाली पडलेल्या पाकळ्यांचे. सूनबाई म्हणतात, "आर्टिस्टिक आहेत." असतील बुवा.

नऊवारी_न्यूजर्सी
डीसी कशाला? नेवार्कचं ब्रँच ब्रूक पार्क! पाच हजारांवर झाडं, डीसीपेक्षा जास्त. आम्ही एप्रिलमध्ये गेलो, सासूबाईही आल्या. फोटोग्राफर म्हणतोय जवळ या, जवळ या, आणि मागून आवाज, "अगं, धपाटे गार होतायत." एका फोटोत मागे डब्याचं झाकण उघडताना त्या अगदी स्पष्ट दिसतात. तोच आता हॉलमध्ये लावलाय, त्यांच्याच हट्टाने.

लसूण_चटणी
धपाटे कशाचे? ज्वारीचं पीठ कुठून आणता तिकडे?

नऊवारी_न्यूजर्सी
@लसूण_चटणी एडिसनला मिळतं. थोडी कणीक घालते, नाहीतर थापताना तुटतात.

शिंकसम्राट
मला परागकणांची अ‍ॅलर्जी. १२० फोटो, त्यातल्या ४० मध्ये मी शिंकायच्या तयारीत. बायको म्हणते, उरलेल्यांत शिंकून झाल्यावरचा.

तोक्योकर
आमच्याकडे शिंजुकू ग्योएनला गेलो होतो. तिथे दारू आत न्यायची नाही, त्यामुळे बाकी बागांपेक्षा जरा शांत. बाकीकडे झाडाखाली निळ्या ताडपत्र्या पसरून अख्खं ऑफिस बसलेलं, तुमच्या प्रत्येक फोटोत एक निळा कोपरा येणारच. सकाळी लवकर जा, एवढंच सांगतो. ट्रेन आली, बाकी नंतर.

अबोली_८६
आमचेही आहेत, टायडल बेसिनचेच. सुंदर आले होते, पूर्ण बहर, उन्हं नुकती वर आलेली. लग्न नाही झालं. फोटो अजून जुन्या लॅपटॉपवर आहेत, पुसवत नाहीत. माझ्या केसांत एक पाकळी अडकलेली आणि तो ती काढतोय असा एक आहे. असो. भाचीला शुभेच्छा.

कुरडई
अबोली 🫂 विपू (निरोप) बघ.

पेन्शनर_पोटोमॅक
अबोलीताई, १९१० मध्ये जपानहून आलेली पहिली दोन हजार झाडं कीड निघाली म्हणून जाळावी लागली. १९१२ मध्ये पुन्हा ३,०२० आली. म्हणजे त्यांचाही पहिला साखरपुडा मोडलेलाच.

अबोली_८६
काका 😄 हे बरं सांगितलंत

विक्रोळीचा_बाळ्या
तुम्ही लोक विमानाने जाता. आमच्या ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला विक्रोळीजवळ फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळं गुलाबी होतं. ती चेरी नाही, टॅबेबुया, पण रील बघणाऱ्याला काय कळतंय! माझ्या मित्राने तिथेच काढले. मागून टँकर गेला नसता तर जपान म्हणून खपले असते.

सोनटक्का
योशिनो हुकले तर हळहळू नका. साधारण दोन आठवड्यांनी क्वान्झान जातीच्या चेरी फुलतात, गडद गुलाबी, शेवंतीसारखी भरगच्च. डीसीतच हेन्स पॉइंटला जा, गर्दीही कमी. आमचे तिथलेच. आणि उंच टाचा नकोत, माझी एक चिखलात रुतली ती रुतलीच. फांदीला लोंबकळू नका, फुलं तोडू नका, तिथे मनाई आहे. हे माझ्या नणदेसाठी.

कुरडई
भाचीने सगळं वाचलं. आता म्हणते, "मग शिलाँगलाच जातो, तिथे नोव्हेंबरमध्ये फुलते ना चेरी?" फुलते खरी. माझ्याकडे राहायला येणार म्हणून गादी-उशा बघून ठेवलेल्या मी!

लसूण_चटणी
@नऊवारी_न्यूजर्सी कणीक किती? वाटीला एक चमचा?