शब्दचर्चा: 'बिनसाखळीची सुरुवात' म्हणावं का?

ओवी७
क्रोशाच्या एका शालीची कृती मराठीत लिहून देतेय आणि पहिल्याच ओळीला अडले. एरवी आपण आधी लांब साखळी घालतो आणि मग उलट फिरून तिच्यात खांब, म्हणजे उभे टाके, घालतो. या कृतीत साखळी आणि मुका खांब, म्हणजे बुटका खांब, बरोबरच होतात, एकेक टाका पुरा करत पुढे जायचं. इंग्रजीत 'फाउंडेशन सिंगल क्रोशे' म्हणतात, कुणी 'चेनलेस फाउंडेशन'ही. मी 'बिनसाखळीची सुरुवात' लिहिलं. जिच्यासाठी लिहितेय ती मामेबहीण दोन टाके घालून म्हणाली, "ताई, खाली साखळी दिसतेय की!" आता काय लिहू?

उसवण
बहिणीचं बरोबर आहे. साखळी असतेच, फक्त ती आधी वेगळी घालावी लागत नाही. दोन साखळ्या घ्यायच्या, सुईपासून दुसरीत सुई घालून दोरा ओढून घ्यायचा. सुईवर दोन टाके झाले. आता सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन फक्त एकातून काढायचा, ही तळची साखळी. ती अंगठ्याने चिमटीत धरून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी सापडत नाही. पुन्हा वेढा, या वेळी दोन्हीतून काढायचा, हा मुका खांब. पुढचा टाका त्या चिमटीतल्या साखळीत.

माझी पहिली शाल 180 साखळ्यांची होती. दर विसाव्या साखळीला रंगीत दोऱ्याची खूण बांधली, तरी ओळ संपताना तीन कमीच भरल्या. मध्येच कुठेतरी साखळीला पीळ पडला होता. वर माझा हात घट्ट, त्यामुळे खालची कड आवळून शाल धनुष्यासारखी वाकली. साखळीपुरती एक नंबर मोठी सुई घ्यायची, हे आत्याने नंतर सांगितलं. या नव्या रीतीत कड वरच्या ओळीइतकीच ताणते आणि रुंदी पुरेशी झाली की थांबता येतं. म्हणून मला 'जोडीची सुरुवात' आवडेल.

रानवारा
'जोडी' म्हटलं की दोन खांब एकत्र करून टाके घटवतात, ते आठवतं. 'पायाखांब' म्हणा. 'पायाची साखळी' आपण म्हणतोच, त्याच्या शेजारी हा शब्द शोभेल. आणि मुळात 'क्रोशे' तरी कशाला? आकडी हा चांगला मराठी शब्द आहे, 'आकडीकाम' म्हणता येईल.

दोनसुया
रानवारा, फ्रेंचमध्ये क्रोशे म्हणजे लहान आकडीच! म्हणजे तुमचा शब्द अर्थाला नेमका आहे, पण तो कुणाच्या तोंडी नाही. 'आकडीकाम शिकवा' म्हटलं तर शिकवणारीच विचारेल, कशाचं?

मला खटकतं ते 'क्रोशा'. मूळ उच्चार क्रोशे. 'क्रोशाची सुई', 'क्रोशाचा रुमाल' असं सारखं म्हणता म्हणता त्यातून 'क्रोशा' सुटा झाला असावा. संस्कृत 'क्रोश'शी त्याचा संबंध अजिबात नाही. त्या क्रोशाचा आपला 'कोस' झाला.

ओवी७
'क्रोशा' मी आईकडून घेतलाय, तो बदलणार नाही. पायाखांब वाईट नाही. पण 'मुका' त्यातून गेला. पुढे खांबानेच सुरुवात करायची वेळ आली तर त्याला काय म्हणू?

भरतीओहोटी
मुका खांब मुका का, याचा कुणी विचार केलाय? मला वाटतं 'मुका मार'मधला मुका. मार लागलेला असतो पण वर काही दिसत नाही. तसा हा खांब असतो, पण उंची दिसत नाही. सुई आत घालण्याआधी वेढा नाही, म्हणून तो बुटकाच राहतो.

उसवण
सुरेख! मी आजवर 'मुका' म्हणजे पापा समजत होते, दोन टाके ओठासारखे मिटतात म्हणून. तुमचं जास्त पटतं.

आणि ओवी, मूळ कृती ब्रिटिश आहे की अमेरिकी, ते आधी बघ. अमेरिकी सिंगल म्हणजे ब्रिटिश डबल, दोन्ही आपला मुका खांब. अमेरिकी डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल, तो आपला खांब. हे न बघता भाषांतर केलं तर शाल दुप्पट उंच होईल. या बाबतीत आपले शब्द इंग्रजीपेक्षा कितीतरी नेटके आहेत, म्हणून मला 'मुका' सोडवत नाही.

ओवी७
'सिंगल' लिहिलंय, म्हणजे अमेरिकी. वाचले.

रानवारा
म्हणूनच म्हणतो, आहेत ते शब्द जपा. 'खांब' थेट 'स्तंभ'वरून आलाय.

दोनसुया
इथे मी हटणार नाही. स्तंभ नव्हे, स्कंभ. 'स्क'चा ख होतो, स्कंधाचा खांदा झाला तसा. 'स्त'चा थ होतो, स्तराचा थर झाला. अथर्ववेदात स्कंभसूक्त आहे, त्यातला स्कंभ म्हणजे सगळं विश्व पेलून धरणारा आधार. स्तंभाच्या घरातलं मराठी मूल म्हणजे 'थांबणे'.

रानवारा
स्कंभ आणि स्तंभ अर्थाने एकच ना? मग लोकांनी स्तंभ म्हटलं तर बिघडलं काय?

दोनसुया
अर्थ एक असला तरी वाट वेगळी आहे. तुम्ही 'क्रोशे'ला परका म्हणून हाकलता आणि खांबाला मात्र चुकीच्या घरी पाठवता, हे मला चालत नाही.

भरतीओहोटी
एक शंका. ओवी 'मुका खांब' म्हणतेय त्याला आमची आजी 'अर्धा खांब' म्हणायची. तुमच्याकडे अर्धा खांब कशाला म्हणतात?

उसवण
वेढा घेऊन सुई घालायची आणि शेवटी तिन्ही टाक्यांतून एकदम काढायचं, तो अर्धा. आजीचा वेगळा होता का?

भरतीओहोटी
वेगळाच. वेढा नव्हताच. तिने विणलेला रुमाल घरात आहे, उद्या भिंगाखाली बघून सांगते.

ओवी७
तोवर मी 'साखळीसह मुका खांब' लिहिलंय. बहिणीने वीस टाके घातले, कड सरळ आली. पण हे नाव दर ओळीला लिहायला फार लांब होतंय.