‘मेजर स्केल’ला मराठीत काय म्हणावं? पट्टी, सप्तक की थाट?

प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची, कीबोर्ड शिकते. परवा ‘सी मेजर स्केल’ शिकून आली. सासूबाई पेटी वाजवतात, त्यांनी विचारलं, “कुठल्या पट्टीत वाजवतेस गं?” ती म्हणाली, “मेजरमध्ये.” दोघींचं काही जुळेना. स्केल म्हणजे पट्टीच ना? मग मेजर स्केल म्हणजे मोठी पट्टी?

उत्तर: ताई, ‘मोठी पट्टी’ नको, त्यातून भलताच अर्थ निघेल. आपण ‘स्केल’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो, म्हणून हा घोळ होतो. गाणारी बाई “माझं स्केल काळी चार” म्हणते तेव्हा ती फक्त आपला सा कुठे आहे ते सांगते. ती झाली पट्टी. ‘वरच्या पट्टीत बोलू नकोस’ म्हणतो तीही हीच, आवाजाची उंची.

मेजर म्हणजे त्या सा पासून पुढचे स्वर किती अंतरावर आहेत, ती रचना. ग-म आणि नी-सां (वरचा सा) एकमेकांना चिकटून, बाकी प्रत्येक ठिकाणी पेटीचं मधलं एक बटण सोडायचं. म्हणजे ‘सी मेजर’मधला ‘सी’ ही पट्टी, पांढरी एक. आणि ‘मेजर’ ही रचना. आजी पहिला शब्द विचारत होत्या, नात दुसरा सांगत होती. चूक कुणाचीच नाही.

रचनेला आपल्याकडे नेमका शब्द आहे: बिलावल थाट. संगीताचे अभ्यासक भातखंडे यांनी दहा थाट मांडले, त्यात बिलावलाचे सातही स्वर शुद्ध. मुलांशी बोलताना मी ‘शुद्ध स्वरांचं सप्तक’ म्हणते, ते लगेच कळतं. फक्त ‘बिलावल राग’ म्हणू नये. थाट ही स्वरांची मांडणी, तो कुणी गात नाही. रागाला चलन (स्वरांची ठरावीक चाल) असतं, वादी-संवादी (मुख्य आणि त्याखालोखालचा स्वर) असतात.

‘मेजर’मधला मोठेपणा मुख्यतः गंधाराचा, म्हणजे ग चा. सा सोडून पुढे मोजलं तर शुद्ध ग चौथ्या बटणावर, कोमल (उतरलेला) ग तिसऱ्या; ‘मायनर’ या दुसऱ्या रचनेत हा कोमल ग येतो. पांढरी-काळी सगळी बटणं धरून मोजा.

मुलीला आता काळी एकवर सा धरायला सांगा: काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी तीन, काळी चार, काळी पाच, वरची पांढरी एक, वरची काळी एक. पट्टी बदलली, थाट तोच. हे बोटांना कळलं की शब्द आपोआप वेगळे होतात.

आणखी एक उत्तर: बासरीवाल्यांकडून भर. आमच्याकडे पट्टी बासरीतच असते; फुंकेच्या बाजूची तीन भोकं झाकली की सा. सहा भोकांच्या बासरीवर शुद्ध म साठी पहिलं भोक अर्धं उघडावं लागतं, सगळी मोकळी सोडली तर तीव्र (चढा) म येतो. नवशिक्याचं सप्तक इथेच बिघडतं. ‘शुद्ध’ म्हणजे ‘सोपा’ नव्हे, हे मी शिकणाऱ्यांना पहिल्या दिवशी सांगतो.

मूळ प्रश्नकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. आज आजी-नात पेटीवर काळी एक घेऊन बसल्या. लेक ग काळ्यावर शोधत होती, तो पांढऱ्यावर सापडल्यावर ओरडलीच. आता तिचा पुढचा प्रश्न: आठ स्वर वाजवले तर त्याला सप्तक का म्हणायचं?

उत्तर: वरचा सां पुढच्या सप्तकातला पहिला, म्हणून आपण सातच मोजतो. पाश्चात्त्य ‘ऑक्टेव्ह’मध्ये तो आठवा म्हणून धरतात.